आम्ही घरी करायचो

बोलून गेलो आणि फसलो. पुण्याहून सुट्टीला आलेली दहा वर्षांची भाची सोफ्यावर उताणी पडून मोबाइलवर आइस्क्रीम निवडत होती. काडीवरची स्ट्रॉबेरी, १८० रुपये. मे महिन्याची दुपार, पंखा गरम हवा ढवळतोय, आणि माझ्या तोंडातून निघालं, "आम्ही तुझ्याएवढे होतो ना, तेव्हा हे असलं सगळं घरी करायचो."

तिनं मोबाइल खाली ठेवला. हल्लीची पोरं मोबाइल खाली ठेवतात तेव्हा मोठ्यांनी सावध व्हावं.

"मग कर ना मामा."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "फ्रीजरमध्ये जागा नाही हं." आधीचं बोलणं तिनं ऐकलंही नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात माणसाला इतका अंदाज येतो.

आमचा फ्रीजर म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोडवरचा प्लॉट. रिकामा दिसणार नाही, आणि दिसला तर त्यावर आधीच कुणाचा तरी हक्क असतो. डाव्या अंगाला जानेवारीत सोलून ठेवलेले मटार. मागे खवलेलं खोबरं. सासूबाईंनी पाठवलेलं पुरण. पुढे मिसळीच्या कटासाठी कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, कारण रविवारी घरी मिसळ झाली नाही तर आमचा मुलगा स्वतःला नाशिककर मानत नाही. आणि तळाशी एक पिशवी, जिच्यात काय आहे हे कुणालाच आठवत नाही, पण फेकायची हिंमतही कुणात नाही. अखेर मटार शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये भाड्यानं गेले. भाडं एक वाटी मटार.

आता 'घरी करायचो' याचा खुलासा करायला हवा. तसं आमच्या घरी फ्रीजच नव्हता.

दहीपुलाजवळच्या वाड्यात आम्ही आठ बिऱ्हाडं. त्यात १९८६ साली फ्रीज एकच, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे, तोही बैठकीच्या खोलीत. अंगावर क्रोशाचं आच्छादन, डोक्यावर फुलदाणी आणि दाराला कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेच्या जुडग्यात. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. आत वरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन अॅल्युमिनियमचे ट्रे, दांडी ओढली की कडाकडा आवाज करणारे, आणि शेजारी काकूंच्या रविवारच्या रश्शाची तयारी झाकून ठेवलेली. झाकण म्हणजे एक उपडी वाटी, तीही तिरकी.

सुट्टीत काकूंची दळणं आणायची, कोथिंबीर आणायची, काकांची पानपट्टी आणायची, मग एक ट्रे आमचा. त्यात कैरीचं पन्हं ओतायचं. खण सोळा, पोरं अकरा. उरलेले पाच खण हे फ्रीजचं भाडं. एवढा चोख भागाकार शाळेत कुणी शिकवला नाही. प्रत्येक खणात खराट्याची एकेक काडी. काड्या धुतलेल्या असायच्या. निदान ताई तसं सांगायची.

मग वाट बघणं. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी वर जाऊन विचारायचं, "काकू, झालं का?" काकू म्हणायच्या, "दार उघडलं की गारवा पळतो. बसा गुपचूप." आम्ही फ्रीजच्या बाजूला कान लावून बसायचो. तो गुरगुरतोय तोवर जीव शांत. थांबला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आणि लाइट गेली, की वाड्यात गमी झाल्यासारखी शांतता.

एकदा धाकट्या मावसभावाला तेवढाही धीर धरवला नाही. ट्रे बाहेर आल्याआल्या त्यानं त्याला जीभ लावली. थंडगार धातू, ओली जीभ. चिकटली. पोरगं "आ आ" करत ट्रेसकट माजघरात हिंडतंय. काकूंनी शांतपणे कोमट पाणी ओतून जीभ सोडवली. तेवढ्या वेळात त्याच्या वाटचा खण कुणी खाल्ला, याचा निकाल अजून लागलेला नाही. माझ्यावर संशय आहे.

तर ती चव. आंबट, गोड, वेलदोड्याची, आणि मागून हळूच येणारं काहीतरी. त्या काहीतरीचं नाव मला चाळीस वर्षांत सापडलेलं नाही. ते भाचीला दाखवायचं, एवढाच माझा संकल्प होता.

मेनरोडवर जाऊन साचा आणला. दुकानदार म्हणाला, "सिलिकॉनचा घ्या साहेब, सुटतो लगेच." मी ऐंशी रुपये वाचवून प्लॅस्टिकचा घेतला. सहा कांड्यांचा.

पहिला मान कलिंगडाला, कारण ते घरात होतं. रस काढला, गाळला, काठोकाठ भरला. काठोकाठ भरू नये, हे शाळेच्या विज्ञानात असतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि कलिंगड म्हणजे नव्वद टक्क्यांवर पाणीच. सकाळी बघतो तर सहाही टोप्या वर उचललेल्या, लग्नात फोटोला उभे राहिल्यासारख्या. मी पहिली काडी ओढली. काडी आली. कांडी आली नाही. दुसरी ओढली. काडी आली. नळाखाली धरला, तर हातात गुलाबी पाणी आणि साच्यात बर्फाचा खुंटा. सहावी मात्र अख्खी निघाली. भाचीनं दोनदा चोखली आणि माझ्यापुढे धरली. काडीवर पांढरा, बिनचवीचा बर्फ.

यात माझा काय दोष? बर्फाचा स्फटिक बांधला जाताना पाणी तेवढं आत घेतो आणि साखरेला बाहेर ठेवतो. चोखलं की आधी साखरेचा पाक येतो, मागे राहतो नुसता बिनचवीचा बर्फ. गाडीवरच्या गारेगारचंही तेच व्हायचं. रंग दोन मिनिटांत कांडीवरून शर्टावर. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचं पण वाईटच असायचं?"

दिंडोरीकडचा एक मित्र द्राक्षबागायतदार आहे. त्याला फोन केला, म्हटलं चार किलो द्राक्षं दे. तो हसायलाच लागला. "अरे नाशिककर ना तू? मे महिन्यात द्राक्षं मागतोस? एप्रिल छाटणी झाली बागेची, वेलीवर आता पानं बघ फक्त." वर ज्ञानही दिलं. हंगामात सुटे मणी स्वस्तात मिळतात, ते धुऊन, पुसून, तसेच फ्रीजरमध्ये टाकायचे. काडी नको, साचा नको. अठरा-वीस शुगर लागलेला, म्हणजे रसात अठरा-वीस टक्के गोडी असलेला मणी दगड होत नाही, दाताखाली कुल्फीसारखा फुटतो, कारण साखर असली की पाणी शून्याला गोठत नाही, अजून खाली जावं लागतं. संध्याकाळी तो स्वतः आला. द्राक्षांऐवजी बेदाणे घेऊन.

साखरेची गोष्ट मात्र मी मनावर घेतली. जरा जास्तच. केशर आंब्याचा रस काढला आणि साखर अशी घातली की बायको बरणीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. दोन दिवस ते मिश्रण गोठलंच नाही. उणे अठराला बसून गाळासारखं हलत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यात साधा रस वाढवला, साचा भरला (दोन बोटं कमी), काड्या अर्धवट गोठल्यावर रोवल्या, काढताना साचा कोमट पाण्यात मोजून दहा सेकंद धरला. कांडी निघाली. गुळगुळीत, केशरी, दाताला मऊ. भाची म्हणाली, "मामा, भारी!" मुलानं दोन खाल्ल्या. सासूबाईंनी दाताची तक्रार विसरून एक संपवली. शेजारच्या वहिनी मटारांची चौकशी करायला म्हणून आल्या आणि एक घेऊन गेल्या.

मी कोपऱ्यात उभा. मला ती गोड, मुलायम, सुशिक्षित कांडी नको होती.

बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजारात गेलो. पेठ-त्र्यंबककडच्या बाया करवंदं घेऊन बसल्या होत्या. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं बघून मी भाव न करता घेतली, हे मी घरी सांगितलं नाही. त्यांचा गर चाळणीतून काढायला दीड तास गेला. बिया इतक्या निघाल्या की करवंदात करवंद किती आणि बी किती, हा प्रश्न पडावा. चिकानं ओठ एकमेकांना चिकटले. घरात शांतता नांदली, एवढाच त्याचा फायदा.

मग शेवटी पन्हं. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कैरी उकडली, गूळ घातला, वेलदोडा, मीठ. अकरा पोरांना पुरवायला आम्ही घालायचो तेवढं पाणीही घातलं. नाही. कैरी बदलली, गूळ काळा आणला, खराट्याची काडीसुद्धा आणली (बायकोनं नवा खराटा लपवून ठेवला). तरी नाही. मागून येणारं ते काहीतरी येईना. ताईला फोन केला. ती म्हणाली, "तेव्हा भूक असायची रे." मी एक दिवस दुपारचं जेवलो नाही. तरी नाही. चिडचिड मात्र झाली.

भाचीची सुट्टी संपत आली. शेवटचा घाणा मी नुसता कर्तव्य म्हणून लावला. फ्रीजरमध्ये साचा बसेना, म्हणून पुरण उभं केलं, खोबरं दाबलं, वाटणाचा डबा तिरका सरकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीला एक दिली, एक मी घेतली.

तिनं चाटली आणि थांबली. "मामा, ही कांद्याची आहे."

"काहीतरीच काय," म्हणत मी चावा घेतला.

आंबट. गोड. वेलदोडा. आणि मागून, हळूच, भाजलेला कांदा, लसूण, खोबरं. मी दहीपुलावर होतो. समोर काकूंचा फ्रीज गुरगुरत होता आणि कप्प्यात रविवारच्या रश्शाचं वाटण एका तिरक्या वाटीखाली झाकलेलं होतं. चाळीस वर्षं मी कैऱ्यांना बोल लावत होतो.

"अहो, या वाटणाच्या डब्याचं झाकण उघडं राहिलंय!" बायको ओरडली. "सगळ्या फ्रीजरला वास लागला! त्या कांड्या टाकून द्या आधी."

भाचीनं तिची सिंकमध्ये टाकली आणि मोबाइल उचलला. मुलगा वास घेऊनच परत गेला. मी उरलेल्या पाचही संपवल्या, गॅलरीत, पाठ फिरवून. भाड्यासकट.

रात्री सगळे झोपल्यावर उठलो. साचा धुतला, पन्हं भरलं, दोन बोटं कमी. वाटणाचा डबा पुढे घेतला, झाकण अलगद उचललं आणि तिरकं ठेवलं, काकूंच्या वाटीसारखं.

आतून आवाज आला, "अहो, झाकण नीट लावलंय ना?"

"लावलंय," मी म्हणालो.