फॅक्टरिंग म्हणजे सावकारी? आफ्रिकेवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आणि तिखट होती, म्हणून तिला दोन ओळींत वाटेला लावण्यापेक्षा स्वतंत्रच लिहितोय. मागच्या लेखात मी आफ्रिकेत फॅक्टरिंग वाढावं म्हणून अफ्रेक्झिमबँक (आफ्रिकेची निर्यात-आयात बँक), आयएफसी (जागतिक बँक गटातली, खासगी उद्योगांना पैसा देणारी संस्था) आणि ईबीआरडी (युरोपची पुनर्रचना व विकास बँक) या विकास बँका काय करतात ते सांगितलं होतं. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: माल दिला, बिल केलं, पैसे 90 दिवसांनी येणार. ते बिल फॅक्टरला, म्हणजे बिलं विकत घेणाऱ्या वित्तसंस्थेला विकायचं, तो बहुतांश रक्कम आज देतो, वटणावळ (आपला मोबदला) कापून घेतो आणि मुदत भरली की गिऱ्हाइकाकडून वसूल करतो.

तुमचे आक्षेप मला समजले ते असे. फॅक्टरिंग ही कोट-टाय घातलेली सावकारी आहे. विकास बँकांचा स्वस्त पैसा मधली माणसं 25-30 टक्क्यांनी फिरवतात. धंदा सगळा दक्षिण आफ्रिका, इजिप्त, मोरोक्कोत, बाकीचा खंड कोरडाच. आणि मुळात पैसे थकवणाऱ्या बड्या गिऱ्हाइकाला कायद्याने सरळ करायचं सोडून पुरवठादाराच्याच खिशातून वटणावळ काढणं हा कुठला विकास? शिवाय तुमचा चाकणला सुट्या भागांचा कारखाना आहे, तेव्हा उधारी म्हणजे काय हे तुम्हाला लेख वाचून कळायला नको, हेही तुम्ही सुनावलंत.

व्याजापासून सुरू करतो, कारण तिथे आपलं खरंच जमत नाही. 30 टक्के ऐकून आपल्याला धक्का बसतो तो आपल्या व्याजदरांच्या सवयीमुळे. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा स्वतःचा धोरण दर नोव्हेंबर 2024 मध्ये 27.50 टक्के होता. घानाचा 2023 मध्ये 30 टक्क्यांवर गेला होता. जिथे पायाच एवढा उंच आहे तिथे लागोसचा फॅक्टर 30 टक्के घेतो म्हणजे लुटतोच, असं म्हणता येत नाही. तो लुटत नसेलच असंही नाही. पण त्यासाठी आकडा त्याच्या शेजारच्या बँकेच्या दराशी ताडून बघायला हवा, पुण्याच्या दराशी नाही.

आता ‘स्वस्त पैसा’. तो डॉलरमध्ये किंवा युरोत स्वस्त असतो. फॅक्टरने तो घेतला आणि नायरातली, म्हणजे नायजेरियाच्या चलनातली बिलं विकत घेतली, तर मधला विनिमयाचा धोका कोणाचा? जून 2023 च्या आधी सरकारी दराने एका डॉलरला साधारण 460 नायरा पडत होते, 2024 च्या सुरुवातीला तोच दर 1,500 च्या आसपास गेला. इजिप्तचा पौंड तर 6 मार्च 2024 ला एका दिवसात 31 वरून 50 च्या जवळ घसरला. डॉलरचं कर्ज आणि स्थानिक चलनातली येणी घेऊन बसलेला फॅक्टर अशा दिवशी उताणा पडतो, गिऱ्हाइकांनी सगळी बिलं वेळेवर चुकवली तरी. हा धोका झेलायला विकास वित्तसंस्थांनी 2007 साली ॲमस्टरडॅममध्ये टीसीएक्स नावाचा निधी उभा केला, पण चलनसंरक्षण फुकट मिळत नाही. त्याची किंमत जोडली की स्वस्त पैसा बराचसा स्थानिक भावावरच येऊन टेकतो.

म्हणूनच माझं मत तुमच्यापेक्षा एका वेगळ्या कारणाने कर्जाच्या विरोधात जातं. विकास बँकांनी फॅक्टरांना डॉलरची कर्जं देऊन आकडे फुगवू नयेत, हमी द्यावी. स्थानिक बँकेकडे स्थानिक चलन पडलेलंच असतं, तिला धास्ती असते बुडीताची. आफ्रिकन गॅरंटी फंड 2012 मध्ये आफ्रिकी विकास बँक, डेन्मार्क आणि स्पेन यांनी मिळून सुरू केला, तो हेच करतो: लहान उद्योगांच्या कर्जातल्या जोखमीचा वाटा उचलतो, पैसा बँकेचा. कर्जाची घोषणा वार्षिक अहवालात जाडजूड दिसते आणि हमी तळटीपेत जाते, एवढाच तिचा दोष. अफ्रेक्झिमबँक फॅक्टरांना दोन्ही देते, पण कशातलं किती याची चर्चा फारशी कुणी करत नाही.

पण पैसा हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा नव्हताच, आणि तुमची प्रतिक्रिया सगळी पैशावरच थांबली. बिल विकता यायचं तर ते आधी विकण्याजोगी वस्तू व्हावं लागतं. बऱ्याच देशांत ते नव्हतं, काहींत अजून नाही. खरेदीच्या करारात बडी कंपनी एक कलम घालते: आमच्याकडून येणं असलेली रक्कम आमच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. झालं. फॅक्टर कितीही पैसा घेऊन बसला तरी हात लावत नाही. दुसरं, एकच बिल दोघांना विकलं तर पहिला हक्क कोणाचा? तिसरं, येणं दुसऱ्याच्या नावे करताना मुद्रांक शुल्क बसतं का? चौथं, अजून न झालेल्या, पुढच्या सहा महिन्यांच्या बिलांचा करार आज करता येतो का? या चार प्रश्नांची उत्तरं कायद्यात नसतील तर तिथला फॅक्टर फक्त ओळखीच्या चार पार्ट्यांचीच बिलं घेणार. त्यालाच मग आपण सावकार म्हणतो.

अफ्रेक्झिमबँकेने 2016 मध्ये फॅक्टरिंगचा नमुना कायदा काढला तो यासाठी. 2023 मध्ये युनिद्रुवा या, देशोदेशींच्या खासगी कायद्यांत मेळ घालणाऱ्या रोमच्या संस्थेनेही स्वतःचा नमुना कायदा मंजूर केला. तो असली मनाईची कलमं असूनही बिलाचं हस्तांतरण वैध धरतो आणि दोन दावेदारांतला क्रम नोंदणीवरून ठरवतो. तुम्ही याला ‘वरून लादलेले कायदे’ म्हणालात. नमुना कायदा कुठल्याही संसदेला बांधत नाही. ज्यांना हवा ते घेतात, हवा तेवढाच घेतात, आणि बहुतेक वेळा घ्यायला फार वेळ लावतात. नायजेरियाचंच बघा. आंतरराष्ट्रीय फॅक्टरिंगचा 1988 चा ओटावा करार 1995 मध्ये लागू झाला तो फ्रान्स, इटली आणि नायजेरिया या तीन देशांच्या मान्यतेवर. म्हणजे नायजेरिया त्या रांगेत जर्मनीच्या पुढे होता! देशांतर्गत फॅक्टरिंगच्या स्वतंत्र कायद्याचं विधेयक मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं रखडलं. 2017 मध्ये जंगम मालमत्तेच्या तारणाचा कायदा आला, त्याने थोडी वाट मोकळी केली.

याउलट घाना. तिथे मध्यवर्ती बँकेने 2010 मध्ये तारणांची नोंदवही उघडली, आफ्रिकेतली त्या धर्तीची पहिली, आयएफसीच्या मदतीने. त्यात फॅक्टरिंगचं नावही नव्हतं, पण कुठली येणी कुणाकडे आधीच गुंतलेली आहेत हे बघायची सोय झाली. झांबियाने 2016 मध्ये, केनियाने 2017 मध्ये असेच कायदे केले. इजिप्तने 2018 चा 176 क्रमांकाचा कायदा करून वित्तीय भाडेपट्टा आणि फॅक्टरिंग दोन्ही वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आणली. यातल्या कशाचाही उद्घाटनाचा फोटो बघण्यासारखा नसतो. तरीही विकास बँकेचा एक रुपया कुठे सर्वांत जास्त कामी येतो असं मला विचाराल तर मी या नोंदवह्यांकडे बोट दाखवीन.

धंदा मोजक्या देशांतच गोळा झालाय हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. जगाच्या फॅक्टरिंगमध्ये अख्ख्या आफ्रिकेचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यातही मोठा घास दक्षिण आफ्रिकेचा. पण दक्षिण आफ्रिकेत तो मुख्यतः तिथल्या व्यापारी बँकांनी वाढवला, विकास बँकांच्या औदार्याने नाही. तेव्हा त्या आकड्यावरून विकास बँकांचा पैसा तिकडेच गेला असं सिद्ध होत नाही. इजिप्तची गोष्ट वेगळी. कैरोत 2006 मध्ये इजिप्त फॅक्टर्स उभी राहिली तेव्हा माल्टाची फिमबँक आणि इजिप्तची सीआयबी यांच्यासोबत आयएफसीनेही भागभांडवल घातलं होतं. याच फिमबँकेने पुढे पंजाब नॅशनल बँक वगैरेंना घेऊन मुंबईत इंडिया फॅक्टरिंग काढली. आणि ‘आफ्रिकेचं आपल्याला काय’ असं विचारणाऱ्या दुसऱ्या एका वाचकासाठी: मुंबईत कफ परेडला मुख्यालय असलेली आपली एक्झिम बँक अफ्रेक्झिमबँकेची भागधारक आहे.

आता तुमचा सर्वांत जड आक्षेप: वेळेवर पैसे द्यायला लावणारा कायदा करा, फॅक्टरिंगची गरजच उरणार नाही. केनियाकडे बघू. नाकुमाट ही तिथली सर्वांत मोठी सुपरमार्केट साखळी. पुरवठादारांचे अब्जावधी शिलिंग थकवून जानेवारी 2018 मध्ये ती न्यायालयाच्या प्रशासकाच्या हाती गेली आणि 2020 मध्ये गुंडाळली गेली. मधल्या काळात, 2019 मध्ये, केनियाने स्पर्धा कायद्यात दुरुस्ती करून बड्या खरेदीदारांच्या दांडगाईविरुद्धची कलमं कडक केली. स्पर्धा प्राधिकरणाने 2020 मध्ये टस्कीज या दुसऱ्या साखळीच्या मानगुटीवरही हात ठेवला. टस्कीज तरी वाचली नाही, तिच्या पुरवठादारांचे पैसेही अडकले. गिऱ्हाइकाकडे पैसे असून तो देत नसेल तर कायदा चालतो. पैसेच नसतील तर कायदा हुकूम काढतो, पैसे नाही.

फॅक्टरिंगने नाकुमाटचे पुरवठादार वाचले असते का? परतजबाबदारीसकट, म्हणजे गिऱ्हाइकाने बुडवलं तर पैसे पुरवठादाराने परत करायचे या अटीवर बिल विकलं असतं तर अजिबात नाही. फॅक्टर उलट त्यांच्याच दारात आला असता. परतजबाबदारी नसलेलं फॅक्टरिंग असतं तर थोडे वाचले असते. पण त्याहून महत्त्वाचं, फॅक्टर प्रत्येक देणेकऱ्याला मर्यादा लावतो आणि त्याचा श्वास जड होतोय असं दिसलं की ती उतरवतो. ‘नाकुमाटची बिलं आता घेणार नाही’ हे वाक्य पुरवठादाराला ट्रक भरण्याआधी ऐकू आलं असतं. लहान कारखानदाराला ही बातमी एरवी सगळ्यात शेवटी कळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका जागी मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे, आणि विकास बँकांवर माझा रागही तिथेच आहे. कित्येक आफ्रिकी देशांत सगळ्यात मोठा थकबाकीदार सरकार असतं. केनियात तर ‘पेंडिंग बिल्स’ हा रोजच्या बातम्यांतला शब्द आहे. 2023 मध्ये ती बिलं तपासायला सरकारला स्वतंत्र समिती नेमावी लागली. सरकारवरचं बिल फॅक्टर घ्यायला कचरतो, आणि विकास बँकांचे भागधारक हीच सरकारं. त्यामुळे परिषदांत खासगी खरेदीदारांच्या शिस्तीवर तासभर व्याख्यान होतं आणि अर्थमंत्रालयाच्या थकबाकीवर दोन मिनिटं. पुन्हा याच सरकारांना दिलेल्या कर्जांनी विकास बँकेचीही मान अडकते: घाना आणि झांबियाच्या कर्जपुनर्रचनेत अफ्रेक्झिमबँकेला इतरांआधी पैसे मिळावेत की नाही यावर वाद पेटला, आणि 2025 च्या जून-जुलैत फिच आणि मूडीज या दोन्ही पतमानांकन संस्थांनी तिचं मानांकन एकेक पायरी खाली आणलं. तिला पैसा महाग पडला की तिच्याकडून उचलणाऱ्या लहान फॅक्टरलाही तो महाग पडणार.

जाता जाता तुम्ही विचारलंत की मला चाकणला याचा उपयोग काय. आपल्याकडे हेच काम ट्रेड्स मंचांवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं बोली लावून विकत घेतली जातात अशा ऑनलाइन मंचांवर होतं आणि तिथेही एक विकास बँक आहेच: आरएक्सआयएल हा मंच सिडबी (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने मिळून काढलाय. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे, मुदत 31 मार्च 2025 होती. बिल वटलं की गिऱ्हाइकाने नंतर बुडवलं तरी वसुलीसाठी तुमच्याकडे कुणी येत नाही. अडचण अशी की कंपनीने नोंदणी केली म्हणून ती तुमचं बिल तिथे मान्य करतेच असं नाही, आणि तिने मान्य केल्याशिवाय त्याला बोली लागत नाही. तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला नोंदणी झाली का हे विचारू नका. गेल्या तिमाहीत किती पुरवठादारांची बिलं मंचावर मान्य केली ते विचारा. उत्तर मिळालं तर इथे जरूर कळवा.