पत्ता : पलंग क्रमांक 14

परवा बँकेत दीड तास गेला आणि काम झालं नाही ते नाहीच. लेकीला अठरा पूर्ण झाली, म्हणून तिचं खातं मायनरचं मेजर करायचं होतं. त्यासाठी सही तिचीच हवी, आणि ती सध्या अटलांटिक महासागरात. कॉलेजचं अख्खं सत्रच शिडाच्या जहाजावर. हे काउंटरवर सांगते न सांगते तोच मागून आवाज आला, “शिडाचं? का, इंजिन परवडत नाही का त्यांना?”

वळून पाहिलं. सत्तरीचे काका, पांढरेशुभ्र बूट, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला दोन रबरबँड.

“इंजिन आहे हो. पण मुलांनी शिकावं म्हणून वाऱ्यावर चालवतात.”

“ताई, तुम्हाला फसवलंय. आपल्याकडे नवी मुंबईत करावे गावापाशी टी. एस. चाणक्य आहे ना, बोटीवरचे अधिकारी तयार करणारं कॉलेज? टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. शिप! मी रोज सकाळी फ्लेमिंगो बघायला त्या बाजूला जातो. बिल्डिंग आहे हो ती. गेट आहे, झाडं आहेत. एक इंच हलत नाही.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण लेक जहाजावर गेल्यापासून मी या विषयात नको इतकं वाचलंय. म्हटलं, ते 1993 पासून जमिनीवर आलं. त्याआधी राजेंद्र होतं, त्याच्याआधी 1927 पासून डफरिन, ती दोन्ही खरीखुरी जहाजं होती.

“बघा! आधी जहाज होतं, मग बिल्डिंग झाली. याला प्रगती म्हणतात. तुमच्या मुलीचं उलटं चाललंय.”

रांग हसली. माझा नंबर तेवढ्यात कोणीतरी खाल्ला, तोही हसत हसत.

खरं सांगते, मला राग काकांचा नाही आला, लेकीचा आला. ही मुलगी इथे तीन अलार्मना उठत नव्हती. बेलापूरपर्यंत बस लागायची तिला, खिडकी आणि आवळासुपारी लागायची. आता पहाटे चार ते आठ तिची पाळी असते, मग आठ तास सुट्टी, की परत चार तास. पहिले तीन दिवस बोट लागली तेव्हा मुलांनी बादल्यांवर आपापली नावं लिहून ठेवली होती म्हणे. गोडं पाणी जपून, म्हणून आंघोळ दोन मिनिटांची. इथे गीझर बंद करायला मी दारावर थापा मारायचे! गेल्या आठवड्यात मेल आली : आज पोतंभर बटाटे सोलले, आई, मला भांडी घासायला आवडायला लागलंय. घरात अठरा वर्षांत कपबशी विसळली नाही आणि तिकडे बटाटे सोलायला मी फी भरतेय. तीही हप्त्यांनी.

“तिथे पत्ता काय?” साहेबांनी विचारलं.

“जहाज.”

“स्थिर पत्ता हवा.”

कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जायला साधारण तीन आठवडे, वाटेत दर 15 अंशांना घड्याळ तासभर मागे, तिथे स्थिर काय सांगू? शेवटी फॉर्मवर लिहिलं : पलंग क्रमांक 14. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चौदा म्हणजे कितवा मजला?” हे अर्थात काका.

“खालचा. भिंतीपलीकडे समुद्र. झोपते तिथे ती पाण्याच्या पातळीखाली असते.”

“म्हणजे बेसमेंट!” काकांनी साहेबांकडे, मग अख्ख्या रांगेकडे पाहिलं. “मी मघापासून काय सांगतोय? बिल्डिंगच आहे ती!”

साहेबांनी मान डोलावली आणि लंच टाइमची पाटी काउंटरवर उभी केली.