पाच सेंटांना घाबरलेले गव्हर्नर

इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, "बरं झालं ते टीसीआय मेलं, नाहीतर पेट्रोल परवडलं नसतं." तिथे उत्तर दिलं असतं तर गणपतीच्या वर्गणीचा मेसेज शंभर मेसेजखाली गाडला गेला असता, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, आधीच सांगते.

टीसीआय म्हणजे ट्रान्सपोर्टेशन अँड क्लायमेट इनिशिएटिव्ह. अमेरिकेच्या ईशान्येकडची आणि मध्य-अटलांटिक किनाऱ्याची डझनभर राज्यं २०१० पासून यावर एकत्र बसत होती. वीजप्रकल्पांच्या धुरासाठी अशी एक प्रादेशिक व्यवस्था, आरजीजीआय, इथे २००९ पासून चालू आहेच. तीच कल्पना गाड्यांच्या धुराला लावायची, एवढाच विचार. प्रदेशात पेट्रोल-डिझेलमुळे एकूण किती कार्बन सोडायचा याची मर्यादा राज्यांनी ठरवायची आणि ती दरवर्षी खाली आणायची. तेवढाच कार्बन सोडण्याचे परवाने लिलावात काढायचे. ते घ्यायचे इंधनाच्या ठोक पुरवठादारांनी, तुम्ही-आम्ही नाही. लिलावाचे पैसे बस, रेल्वे, चार्जिंग, सायकलचे रस्ते यांत घालायचे.

२१ डिसेंबर २०२० ला करारावर सह्या झाल्या, पण त्या फक्त मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीच्या. न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर ख्रिस सुनुनू तर वर्षभर आधीच बाहेर पडले होते. बाकीचे "बघू, विचार करू" म्हणत काठावर उभे राहिले. २०२२ ते २०३२ या काळात उत्सर्जन २६ टक्क्यांनी कमी करायचं आणि वर्षाला साधारण ३० कोटी डॉलर उभे करायचे, असं उद्दिष्ट होतं. त्यातले किमान ३५ टक्के धुराचा आणि गैरसोयीचा सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या वस्त्यांसाठी.

आता "परवडलं नसतं" या दाव्याकडे येऊ. अधिकृत अंदाज गॅलनला ५ ते ९ सेंटांचा होता. एक गॅलन पेट्रोल जाळलं की जवळजवळ ९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे परवान्याला टनामागे सहा डॉलर भाव असेल तर गॅलनवर पाचएक सेंट. वर्षाला ५०० गॅलन जाळणाऱ्या गाडीला २५ ते ४५ डॉलर. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं एक तिकीट, जेवणासकट.

तरीही १६ नोव्हेंबर २०२१ ला कनेक्टिकटचे गव्हर्नर नेड लॅमोंट मागे हटले आणि दोनच दिवसांत आमच्या मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनीही हात झटकले. कारण काय, तर पेट्रोल महाग झालंय आणि केंद्राचा पायाभूत सुविधांचा मोठा निधी येतोच आहे. पुढची गंमत बघा. एप्रिल २०२२ मध्ये कनेक्टिकटने गॅलनमागचा २५ सेंटांचा कर स्थगित केला, एकमताने. पण त्या जूनमध्ये देशभरातली सरासरी पाच डॉलरच्या वर गेली आणि ते २५ सेंट कुठल्या कुठे वाहून गेले. मग पाच सेंटांनी कुणाचं दिवाळं निघणार होतं?

माझं मत असं, की टीसीआय महागाईने मेलं नाही. ते लपवाछपवीने मेलं.

सरकारचा सगळा जोर "हा कर नाहीच" हे पटवण्यावर होता. भीती समजते. २०१४ मध्ये आमच्याच राज्यात पेट्रोलचा कर महागाईशी जोडणारा कायदा मतदारांनी सार्वमतात उडवला होता. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ताकही फुंकून. पण फुंकता फुंकता ताक प्यायचंच राहिलं! वसुली पुरवठादाराकडे नेली की पंपावर काही दिसणार नाही असा हिशेब होता. विरोधकांनी "मागच्या दाराने आणलेला पेट्रोल कर" एवढंच म्हटलं आणि काम झालं.

बरं, बदल्यात काय मिळणार? "स्वच्छ वाहतुकीत गुंतवणूक." म्हणजे कुठली बस, कुठल्या रस्त्यावर, कधी? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. बॉस्टनला खेटून असलेलं चेल्सी बघा. खाडीच्या काठाला तेलाच्या टाक्या, पलीकडे लोगन विमानतळ, डोक्यावरून टोबिन पूल. तिथून बॉस्टनला येणारी १११ नंबरची बस सकाळी खच्चून भरलेली असते आणि पुलावरच्या गर्दीत अडकते. त्या बसमधल्या बाईला तुम्ही "किमान ३५ टक्के" असा आकडा सांगणार? तिला १११ च्या फेऱ्या वाढतील की नाही ते सांगा. पर्यावरण न्यायासाठी झगडणाऱ्या अनेक संघटनाही टीसीआयबद्दल थंडच होत्या, ते उगाच नाही. त्यातून मर्यादाही फार कडक नव्हती. २०१९ मधल्या राज्यांच्याच अंदाजानुसार काहीही न करता उत्सर्जन १९ टक्के कमी होणारच होतं.

आता पश्चिमेकडे बघा. वॉशिंग्टन राज्याने २०२३ पासून अशीच योजना लागू केली, त्यात पेट्रोलही धरलं. गव्हर्नर जे इन्स्ली म्हणाले होते की फरक किरकोळ असेल. तो अंदाज सपशेल आपटला. २०२३ च्या जूनमध्ये तिथलं पेट्रोल कॅलिफोर्नियापेक्षाही महाग होतं. साहजिकच कायदा रद्द करा म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं. आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी कायदा ठेवा म्हणून मत दिलं! बीपीसारखी तेल कंपनीही रद्द करू नका म्हणणाऱ्यांच्या बाजूने होती, पैसा त्यांच्याकडे भरपूर होता, हे खरं. पण अठरा वर्षांपर्यंतची मुलं राज्यभर बसने आणि सरकारी फेरीबोटीने फुकट फिरत होती, हेही लोकांना दिसत होतं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक घरांच्या वीजबिलात तर निवडणुकीआधी २०० डॉलर वजा झाले. त्याला विरोधक मतांची खरेदी म्हणाले. म्हणू देत. पैसे कुठे गेले हे लोकांना कळलं ना?

महाराष्ट्रातून आलेल्या आपल्याला तर हे समजायला हवं. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोलवर लिटरला दोन रुपये अधिभार लागला. पुढे पाऊस पडला, अधिभार मात्र राहिला. त्यातून कुठल्या गावाला पाणी मिळालं ते पंपावर टाकी भरणाऱ्याला कधी कुणी सांगितलं? अविश्वास तिथूनच येतो, आणि तो मूर्खपणाचा नसतो.

आमच्याकडेही २०२२ मध्ये दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर चार टक्के जादा कर मतदारांनी मंजूर केलाच, शिक्षण आणि वाहतुकीसाठी. पैसे दुसऱ्याच्या खिशातले होते, मान्य. पण त्यातून आज राज्यातल्या बऱ्याच प्रादेशिक बसना तिकीट लागत नाही.

न्यूयॉर्कमध्येही गव्हर्नर कॅथी होकुल यांनी २०२३ मध्ये अशी योजना जाहीर केली, २०२५ च्या सुरुवातीला थंड्या बस्त्यात टाकली आणि पर्यावरण संघटनांनी कोर्टात धाव घेतली. तेव्हा हा विषय आपल्या दारात पुन्हा येणार. आला तर माझ्या आमदाराला दोनच गोष्टी सांगणार आहे. पंपावर ठळक पाटी लावा, यातले इतके सेंट कार्बनचे. आणि पहिल्या लिलावाच्या आधी, हवं तर कर्ज काढून, १११ च्या फेऱ्या वाढवा. एवढं करणार असाल तर पाच सोडा, मी पंधरा सेंट द्यायला तयार आहे. ग्रुपवरच्या त्या भल्या गृहस्थांनीही आपला आकडा खाली कॉमेंटमध्ये लिहावा.