आमच्या सोसायटीचे चार शिवजन्म

शिवजयंती करायची, यावर आमच्या सोसायटीत चहा येण्याआधीच एकमत झालं. मग खजिनदारांनी विचारलं, "पण कधी?"

"कधी म्हणजे? 19 फेब्रुवारी. शासनाची सुट्टी असते," बी विंग म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खाकरले. काका खाकरले की सभा लांबते. "तिथीनंच व्हायला हवी. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. जेधे शकावली, जेधे घराण्याची ती जुनी सनावळी, वाचा जरा!" ती कोणीच वाचलेली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पण वद्य तृतीया म्हणजे होळीनंतरचा तिसरा दिवस आणि रंगपंचमीला दोन दिवस बाकी, हे महिला मंडळाच्या ध्यानात आलं. "म्हणजे इकडे पाळणा म्हणायचा आणि गच्चीवरून पोरं फुगे मारणार!"

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी वैशाख शुद्ध द्वितीयेला व्हायची. शके 1549." म्हणजे वयाचाही जवळजवळ तीन वर्षांचा फरक आला. अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस, आंबा स्वस्त झालेला असतो, हेही त्यांनी हळूच जोडलं. ताबडतोब दोन-चार मतं वैशाखाकडे सरकली. इतिहास संशोधनात आमरसाला इतकं वजन असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग सुट्टीवर आलेल्या कोणाच्या तरी अमेरिकेतल्या चिरंजीवांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. "1630ची 19 फेब्रुवारी ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या ग्रेगोरियननं 1 मार्च येतो." हिशेब बिनचूक होता, म्हणूनच सगळे त्याच्यावर चिडले.

शेवटी वाद मिटवला मांडववाल्यानं. "एकोणीसला एक खुर्ची मिळणार नाही साहेब. पुढच्या रविवारी देतो, बिछायत फुकट." शके, शकावली, ज्युलियन, सगळं बाजूला राहिलं आणि रविवार बहुमतानं मंजूर झाला. काकांनी निषेध नोंदवला आणि सुंठवड्याची जबाबदारी घेतली.

बाकीचं भराभर ठरलं. पाळणा, पोवाडा, मुलांची भाषणं. सी विंगचा बाळशिवाजी जिरेटोप घालायला तयार होता, पण आजीच्या कडेवरून उतरायला नाही. त्यामुळे आजींना जिजाऊ करण्यात आलं. त्यांनी ठेवणीतली नऊवारी त्याच रात्री बाहेर काढली.

राहता राहिला फ्लेक्स. वर्गणीदार म्हटलं की फोटो आलाच. अध्यक्षांनी गॉगल लावलेला पाठवला, उपाध्यक्षांनी लग्नातला, शेजारी हार घातलेली बायको अर्धी कापून. रात्री फ्लेक्सवाल्याचा फोन. "साहेब, जागा संपली. महाराजांना खाली कोपऱ्यात घेऊ, का तुमच्या त्या टँकर बघणाऱ्या मेंबरांचा फोटो काढू?"

मी म्हटलं, "अहो, विचारता काय! मेंबर काढा आणि महाराज मधोमध घ्या, चांगले मोठे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विंगला पाणी आलं नाही.