आधी पाण्याला आत येऊ द्या

खाजण, म्हणजे खाडीकाठची भरतीचं पाणी येणारी गवताळ दलदल, पुन्हा जिवंत करायचं म्हटलं की लगेच सगळ्यांच्या हातात रोपं, कुदळी, मग बॅनर, मग ग्रुप फोटो. वाईट काही नाही त्यात, पण माशाला रोपाआधी आत यायला वाट लागते हो.

खाजणाला घातलेल्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी जायची झडप, कधी नीट बघा. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तशी झडप उघडते, भरती आली की बाहेरच्या दाबाने बंद. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून केलेली सोय, कबूल. पण माशांची पिल्लं आत येतात तीच मुळी भरतीवर! म्हणजे त्यांच्या यायच्या वेळेला दार बंद, आणि उघडं असतं तेव्हा आतला लोंढा सरळ तोंडावर.

आणि बांध नसलेल्या खाजणात आत काय असतं, तर गवतातून नागमोडी गेलेले हातभर रुंदीचे ओहोळ, भरतीचं पाणी त्यात चढत जातं, बोटभर पिल्लं त्याच्याबरोबर पार टोकापर्यंत घुसतात, वरून पात्यांवरचे किडे टपटप पडतायत, मोठ्या माशाला एवढ्या उथळात येता येत नाही, पोटभर खाऊन ओहोटीला परत. नदीत जन्मून समुद्रात जाणाऱ्या सामन माशाच्या पिल्लांचं शरीर तर गोड्या पाण्यातून खाऱ्याला सरावतं ते इथेच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली नदीच्या मुखाशी २००९ मध्ये जुना बांध काढून ७६२ एकरांवर भरती परत आत घेतली. तिथल्या अभयारण्याला आता बिली फ्रँक ज्युनियर यांचं नाव आहे, निस्क्वाली जमातीचा माणूस, मासेमारीच्या हक्कासाठी ५०हून जास्त वेळा अटक झालेला, पहिल्यांदा तर १४व्या वर्षी!

बांध फोडला की काम झालं असं पण नाही हां. बांधाआडची जमीन वर्षानुवर्षं खचत जाते, नवा गाळ येत नाही, जुना सुकून कुजून बसतो, मग एकदम पाणी सोडलं की गवताऐवजी नुसतं डबकं. निचऱ्याचे सरळसोट चर बुजवून जुने ओहोळ मोकळे करावे लागतात, आणि गाळ साठायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच, एवढा खर्च करून चिखलच केला की.

जिथे मागे शेती चालू आहे तिथे सगळा बांध तोडा असं मी म्हणणार नाही, पण पाणी ठरावीक पातळीला पोचेपर्यंत उघडी राहणारी झडप तरी बसवा, तशा मिळतात. आणि रिपोर्टमध्ये रोपं मोजता तशी भरतीच्या वेळी ओहोळाच्या तोंडाशी जाळी लावून पिल्लं पण मोजा, तो आकडा मला तरी क्वचितच दिसतो.