हेल घालवून मुलाखत निघत नाही

स्पर्धा परीक्षांच्या मुख्य परीक्षेचे निकाल लागले की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मुलाखतीच्या सूत्रांचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मुलाखतीत ९३ टक्के प्रभाव देहबोलीचा आणि आवाजाचा, शब्दांचा फक्त ७ टक्के. गावाकडचा हेल घालवा, शक्यतो इंग्रजीत बोला. ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करा. उत्तर येत नसलं तरी गप्प बसू नका, आत्मविश्वासाने काहीतरी सांगा. आणि कपड्यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

मी धुळ्यात मुलामुलींच्या सराव मुलाखती घेतो. हा मेसेज मनावर घेतलेली पोरं समोर येतात तेव्हा फार अवघडून बसलेली असतात. हात कुठे ठेवायचे याचीच त्यांना काळजी. प्रश्न नीट ऐकूही येत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी मुलाखतीपर्यंत पोहोचलंय, त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते ९३ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांवरून आला. प्रयोगात नोकरीची मुलाखत नव्हतीच. एकेकटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही एवढं ओळखायला सांगितलं. शब्द एक आणि सूर दुसरा असेल तर माणसं कशावर विश्वास ठेवतात, इतकाच तो शोध. भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे प्रमाण लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलंय. ठिबकचं काम कसं चालतं, असं पॅनेलने विचारलं तर त्याचं उत्तर शब्दांतच द्यावं लागतं.

गुणांचा हिशोबही बघा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ ची. २०२५ पासून राज्यसेवेचा आराखडाही तोच. आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांसाठीच्या, पीओ (अधिकारी) भरतीत अंतिम यादी मुख्य परीक्षेचे ८० आणि मुलाखतीचे २० अशा प्रमाणात लागते. क्लार्कला मुलाखतच नाही. केंद्राने गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं कर्ज काढून व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स लावला की मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्याच्या वाटेत मुलाखत कुठे येतच नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो: गावाकडचा हेल घालवा. यूपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते, ती सोय कागदावरही आहे आणि वापरातही आहे. हेल ऐकून गुण कापायचे असा रकाना पॅनेलपुढच्या कागदावर नसतो. समोरच्याला अडचण होते ती दुसऱ्याच गोष्टींची: भरभर बोलणं, वाक्य अर्ध्यात सोडणं, ‘म्हणजे काय ना सर’ने प्रत्येक उत्तराची सुरुवात. हे आठवडाभर मोठ्याने बोलून सुधारतं. अहिराणी बोलणाऱ्या आईच्या घरात वाढलेल्या पोरानं पुण्याचा सूर लावायला घेतला, की त्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या तोंडाकडे जातं आणि मुद्दा सुटतो. आता, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत किंवा निर्यातीच्या कामात इंग्रजी लागतं, ते नाकारून चालणार नाही. पण तिथे हवं असतं ते कामाचं इंग्रजी: आपण काय केलं, कसं केलं, कुठे अडलं, हे साध्या वाक्यांत सांगता येणं. त्याचा सराव जरूर करा.

तिसरा मुद्दा पाठांतराचा. यूपीएससीच्या अधिसूचनेतच लिहिलंय की ही मुलाखत म्हणजे उलटतपासणी नव्हे, ते सहज पण हेतू ठेवून केलेलं संभाषण असतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्या उपप्रश्नाला संपतं. तुमच्या अर्जात जे लिहिलंय त्यातून प्रश्न निघतात, तेव्हा तयारीही तिथूनच सुरू व्हायला हवी. रावेरचा मुलगा असेल तर केळीवर चार प्रश्न येणारच. टिश्यू कल्चरची रोपं का लावता, करप्याने आणि सीएमव्ही या विषाणूने काय होतं, मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर हवामानावर आधारित फळपीक विमा कसा मिळतो? नंदुरबारच्या मुलीला मिरचीचा बाजार, धडगाव-अक्कलकुव्यातलं स्थलांतर आणि कुपोषण यांवर बोलावं लागेल. आधार क्रमांक देशात पहिल्यांदा दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभली गावात, हेही विचारतील.

साक्रीचा एक मुलगा ‘माझ्या गावाबद्दल’ म्हणून इंटरनेटवरचा उतारा घोकून आला होता. मी विचारलं, पांझरा नदीवरची फड पद्धत तुला माहीत आहे का? त्याचा चेहराच बदलला. बंधाऱ्यावरून पाट कसा निघतो, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक का घ्यायचं, पाटकऱ्याने पाणी फिरवायचं म्हणजे काय, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर कोणता फड पडीक ठेवायचा हे कसं ठरतं, सगळं आजोबांकडून ऐकलेलं होतं. शेकडो वर्षं गावाने स्वतः चालवलेली पाणीवाटपाची व्यवस्था त्याने पाच मिनिटांत उलगडून सांगितली. सहकार, स्थानिक स्वराज्य, जलव्यवस्थापन, तिन्ही विषय त्यात आले. ते उत्तर कोणत्याही क्लासला देता आलं नसतं.

येत नसलं तरी काहीतरी सांगा, हा सल्ला मात्र सरळ घातक आहे. पॅनेलवर त्या विषयाचा जाणकार बसलेला असू शकतो, आणि एक खोटं उत्तर पकडलं गेलं की आधीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते. शिरपूरच्या एका मुलीला सरावात शिरपूर पॅटर्नबद्दल विचारलं. नाले रुंद आणि खोल केले की पाणी मुरतं, वर मातीचे थर पाणी अडवतात ते फोडावे लागतात, इथवर तिने छान सांगितलं. मग खडकाच्या जातीवर प्रश्न आला. ती म्हणाली, ‘‘सर, भूगर्भाबद्दल याच्यापुढचं मला माहीत नाही. आमच्या विहिरीला आता किती महिने पाणी टिकतं ते सांगू शकते.’’ पुढचा प्रश्न आपोआप विहिरीवर आला. असं उत्तर देता येणं हीही तयारीच.

कपड्यांचं एवढंच: स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला सवयीचे. नवे बूट मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

आणि मेसेजमध्ये ज्याचा शब्दही नाही, ते कागद. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेयरची मुदत, डोमिसाईल, मूळ गुणपत्रिका. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, असं आपल्याकडे घरोघरी आहे. नाव बदलाचं राजपत्र काढायला, वैधतेचं प्रकरण मार्गी लागायला वेळ जातो. मुलाखतीचं पत्र हातात पडल्यावर ही धावपळ सुरू केली तर अभ्यासाचे दिवस तहसील कार्यालयाच्या रांगेत जातात. मुख्य परीक्षा दिली त्याच आठवड्यात फाईल उघडा. मूळ प्रती एका बाजूला, साक्षांकित प्रती दुसऱ्या बाजूला लावा. आणि मुंबई-पुण्याला सकाळची मुलाखत असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका, एक दिवस आधी पोहोचा.