झाडाखालचा माणूस

ख्रिसमससाठी ताजं तोडलेलं झाड आणायचं, ही कल्पना बायकोची. चांदणी लावायचं काम लेकीचं. पाणी घालायचं काम माझं, हे कधी ठरलं ते मला अजून आठवत नाही.

झाड निवडताना मात्र मी भलताच रुबाब केला. फांदी दोन बोटांत धरून अलगद स्वतःकडे ओढायची; हिरव्या सुया हातात आल्या तर झाड शिळं. मग झाड उचलून बुंधा जमिनीवर आपटायचा. आतल्या जुन्या तपकिरी सुया गळतात, ते चालतं. हिरव्या गळल्या की पुढचं झाड. अशी पाच झाडं आपटल्यावर विक्रेता मुकाट्यानं माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. नॉर्वे स्प्रूस दिसायला देखणा, पण घरातल्या उबेत भराभर सुया टाकतो. म्हणून नॉर्डमन फर घेतला.

"बुंधा खालून कापून देऊ का?" विक्रेत्यानं विचारलं. एकदा तोडलेलं झाड पुन्हा काय कापायचं? मी ऐटीत नको म्हणालो.

ही ऐट घरी येईपर्यंत टिकली. तोडलेल्या तोंडावर काही तासांतच राळ धरते आणि मग झाडाला पाणी ओढता येत नाही, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. खालची 1-2 सेंटिमीटरची चकती कापायची, तीही सरळ. तिरकी कापली तर झाड स्टँडमध्ये, म्हणजे बुंधा धरून ठेवणाऱ्या पाण्याच्या भांड्यात, धड उभं राहत नाही. माझी करवत जुनी, बुंधा ओला. चकती निघाली तेव्हा एका बाजूला बिस्किटाएवढी आणि दुसऱ्या बाजूला पावाएवढी जाड होती. पुन्हा कापली. "छान झालं," बायको म्हणाली, "नाहीतरी छताला टेकतच होतं." छत मी मोजलं होतं. स्टँड आणि चांदणी मोजायची राहिली होती.

एवढं करून बुंधा स्टँडमध्ये जाईना. मी चाकूनं साल तासायला बसलो, तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, थांबा! पाणी सालीलगतच्या लाकडातूनच वर चढतं!" मग झाड तसंच राहिलं आणि स्टँड मोठा आला.

पहिल्या दिवशी झाड चार लिटर पाणी प्यायलं. माझा विश्वास बसेना. स्टँड गळतोय असं समजून मी खाली कोरडा कागद पसरला. रात्री स्टँड रिकामा, कागद ठणठणीत कोरडा! त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी जमिनीवर पालथा. पाणी कापलेल्या तोंडाच्या खाली गेलं की पुन्हा राळ, पुन्हा करवत. मेहुण्यांनी पाण्यात साखर टाकायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी अ‍ॅस्पिरिन. झाडाला यातलं काही लागत नाही, साधं नळाचं पाणी पुरतं. मला अ‍ॅस्पिरिन लागली, कमरेसाठी. हीटरजवळची जागा बायकोला पसंत होती, पण तिथं झाड लवकर वाळतं, म्हणून ते थंड कोपऱ्यात हलवलं. कोपरा अरुंद. आता मी फक्त खांद्यापर्यंत आत मावतो.

1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्या झाडाचं चित्र छापून आलं आणि घरोघरी अशी झाडं सजवायची हौस पसरली. त्या चित्रात राणी आहे, मुलं आहेत, मेणबत्त्या आहेत. पालथा पडलेला कुणीही नाही. झाड टेबलावर ठेवलंय! एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाला सुचली नाही.

परवा पाहुणे आले. एलईडी दिव्यांचं कौतुक झालं, चांदणीचं झालं, झाडाच्या डौलाचं तर फारच. मला तो डौल ठाऊक नाही. मी हे झाड खालच्या वीतभरापलीकडे नीट पाहिलेलंच नाही.

"अरे, हा कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"बाबा झाडाखाली आहेत," लेक म्हणाली.

मी फांद्यांतून एक हात बाहेर काढून हलवला. कुणीतरी त्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो माझ्यासाठी असावा. मी तो स्टँडमध्ये ओतला.